कॅसेटच्या डबीतला कागद

तो कागद अजून माझ्याकडे आहे. वहीचं पान उभं दुमडून फाडलेलं, निळी शाई आता जांभळट झालेली. बोटीच्या लॉगबुकात शोभेल अशा मामाच्या सरळ, टोकदार अक्षरात डावीकडे चार आकडी संख्या आणि उजवीकडे गाण्यांची नावं. एका ओळीत आकडा आहे, पण नाव नाही. नावाच्या जागी नुसता बाण काढलेला आहे आणि बाणाच्या टोकाशी दुसरा आकडा.

मामा बोटीवर होता. आमच्या घरात एवढंच म्हणायची पद्धत होती. कुठली बोट, कुठलं बंदर, हे विचारण्यात अर्थ नसे, कारण त्याचं पत्र हातात पडेपर्यंत बोट तिसरीकडेच पोचलेली असायची. तो सेकंड इंजिनिअर होता, पुढे चीफ झाला. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले डोंबिवलीत. त्याचं येणं म्हणजे आमच्यासाठी दुसरी दिवाळी. १९८५ च्या मे महिन्यात तो उतरला तेव्हा सामानात एक व्हीसीआर होता आणि तीन कॅसेटी होत्या. दोन कोऱ्या. तिसरीवर ‘ग्रेटेस्ट फ्लिक्स’ असं लिहिलेलं होतं आणि खाली इंग्लंडातल्या रॉक बँडचं नाव, क्वीन. ती त्याने लिव्हरपूलला घेतली होती.

मामाला इंग्रजी गाण्यांचं वेड होतं असं मुळीच नाही. तो कुमार गंधर्वांचा माणूस. पण बोटीवर खलाशांच्या मेसमध्ये टीव्ही आणि व्हिडिओ असायचा, आणि बंदरात शेजारी लागलेल्या बोटीशी कॅसेटींचे खोके अदलाबदल करायची रीत होती. अशाच एका खोक्यातून ही कॅसेट त्यांच्या बोटीवर आली आणि सबंध एक सफर तिथेच राहिली. इंजिनरूममधून वर आलं, की कुणीतरी ती लावलेलीच असायची. पाच-सहा देशांतली माणसं, जेवणं वेगळी, देव वेगळे, पण त्या तासाभरात सगळे एका जागी बसायचे, असं तो सांगायचा. सफर संपताना खोका पुढे गेला आणि त्याला चुटपुट लागून राहिली. म्हणून लिव्हरपूलच्या दुकानात दिसल्याबरोबर घेतली. इंग्लंडात घेतली हे बरं झालं. तिथली आणि आपली दोन्हीकडची टीव्हीची पद्धत पाल होती, त्यामुळे ती आमच्या यंत्रावर सुतासारखी सरळ चालली. अमेरिकेतून आणली असती तर वेगळ्या पद्धतीमुळे आमच्या टीव्हीवर नुसत्या पळत्या रेघा दिसल्या असत्या.

मी अकरा वर्षांची होते. आजी मेथी निवडत बसली होती. मामी आतबाहेर करत होती. सुरुवातीला जुन्या फोटोंची माळ सरकली आणि मग पडदा काळा झाला. काळोखात चौकटीसारखे मांडलेले चार चेहरे. डोळ्यांच्या खोबणीत सावली, ओठ तेवढे हलणारे. आजीचा हात मेथीतच थांबला. ती मालवणकडची. म्हणाली, “हे दशावतारातलं सोंग की काय रे?” मामा हसला नाही. म्हणाला, “तसंच काहीसं आई. बघ तू.”

आज मला वाटतं, आजीने त्या दिवशी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’बद्दल, म्हणजे त्या चार चेहऱ्यांच्या गाण्याबद्दल, जे म्हटलं त्याहून नेमकं मी नंतर कुठे वाचलं नाही. सोंग घेणं म्हणजे खोटं वागणं नव्हे. रात्रीपुरता माणूस दुसरा होतो, आणि पाहणाऱ्याला ते पूर्ण मान्य असतं.

ती फिल्म १० नोव्हेंबर १९७५ ला लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत झाली. दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स. चारेक तासांत चित्रण आटोपलं, कारण बँड तिथे मुळात दौऱ्याच्या तालमीसाठी आला होता आणि चारच दिवसांनी लिव्हरपूलला पहिला कार्यक्रम होता. फिल्म कशासाठी केली, तर ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या कार्यक्रमात त्यांना जाता येणार नव्हतं म्हणून. आणि गेले असते तरी गाण्याच्या त्या मधल्या भागाचं काय करणार? तिथे तिघांचे आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढवून गायकांचा अख्खा ताफा उभा केलेला आहे. स्टुडिओत चार माणसं उभी राहून ओठ हलवू लागली तर ते केविलवाणं दिसलं असतं. तेव्हा आपल्या जागी हे पाठवू, असं ठरलं. २० नोव्हेंबरला ते टीव्हीवर दिसलं, महिनाअखेर गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सलग नऊ आठवडे तिथून हललं नाही. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं!

चार चेहऱ्यांची ती मांडणी त्याआधी दीड वर्षं, १९७४ साली, त्यांच्या दुसऱ्या अल्बमच्या वेष्टनावर आलेली होती. मिक रॉक या छायाचित्रकाराने ती मार्लेन डिट्रिचच्या एका जुन्या फोटोवरून सुचवली होती. म्हणजे १९३० च्या दशकातल्या नटीचा चेहरा, तिथून वेष्टन, तिथून फिल्म, तिथून मामाची कॅसेट, आणि शेवटी मेथीची जुडी मांडीवर घेऊन बसलेली आजी.

त्या फिल्ममध्ये एके ठिकाणी गायकाचा चेहरा स्वतःच्याच चेहऱ्यांची रांग सोडत दूर दूर जातो. मी मामाला विचारलं, हे कसं केलं? त्याने मला खालच्या सलूनमध्ये नेलं. खुर्चीपुढे एक आरसा, पाठीमागे एक आरसा. “मध्ये उभी राहा.” मी उभी राहिले आणि माझ्यामागे मी, तिच्यामागे मी, अशी थेट हिरवट अंधारापर्यंत गेले. “तसंच,” तो म्हणाला. “कॅमेरा ज्या टीव्हीला चित्र पाठवतो, त्याच टीव्हीकडे तोंड करून ठेवायचा. तो स्वतःलाच बघत बसतो.” एकात अनेक चेहरे दिसतात ते भिंगापुढे पैलूदार काच धरून. संगणक नाही, महाग यंत्रणा नाही. सलूनवाला कात्री थांबवून हे सगळं ऐकत होता.

मामा सांगायचा तेव्हा गोष्टी कशा चालतात ते कळायचं. त्या यादीचंही तेच. व्हीसीआरच्या तोंडावरचा आकडा वेळ मोजत नाही, तो रिळाचे वेढे मोजतो, हे त्याने मला रिकाम्या रिळावर दोरा गुंडाळून दाखवलं होतं. सुरुवातीला रीळ बारीक, म्हणून वेढे भराभर होतात आणि आकडे पळतात. टेप चढत जाईल तसं रीळ जाड होतं आणि आकडे सावकाश सरकू लागतात. म्हणून यादीत पहिल्या गाण्यांमधलं अंतर मोठं आहे आणि शेवटच्या गाण्यांमधलं लहान, गाणी साधारण तेवढ्याच लांबीची असूनही. हे मला इतकं आवडलं होतं की कितीतरी दिवस मी सुट्टीचा हिशेबही तसाच करत असे. मामा आला की सुरुवातीचे दिवस पळायचे. फरक इतकाच, की शेवटचे त्याहून जास्त पळायचे.

ही कॅसेट निघाली १९८१ च्या ऑक्टोबरात, ‘ग्रेटेस्ट हिट्स’ या रेकॉर्डबरोबरच. अमेरिकेत एमटीव्ही सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. एका बँडने गाण्यांच्या फिल्मा गोळा करून लोकांना घरी न्यायला द्याव्यात, ही कल्पनाच कोवळी होती. आणि त्या फिल्मा तरी काय थाटात झालेल्या? प्रत्येक वेळी अडचण तीच. गाणं बाजारात जाणार, बँड दुसरीकडे, जागा भरायची आहे. ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ला मोठ्या झुंबराखाली शेकडो मेणबत्त्या पेटवल्या, आणि पडद्यावरदेखील तो उकाडा जाणवतो. ‘वी आर द चॅम्पियन्स’साठी १९७७ च्या ऑक्टोबरात लंडनमधल्या एका नाट्यगृहात त्यांच्या चाहत्यांच्या क्लबातल्या सभासदांना बोलावलं. चित्रण संपल्यावर आलेल्यांसाठी बँडने तिथेच फुकट कार्यक्रम केला. मला ते गाणं बघताना नेहमी मागची माणसं बघायची असतात. त्यांनी ते गाणं तोवर नीट ऐकलेलंही नव्हतं, आणि तरी तिथेच शिकून हात डोलवत ती गाताहेत.

‘वी विल रॉक यू’ आणि ‘स्प्रेड युअर विंग्ज’ ही दोन्ही १९७८ च्या जानेवारीत ड्रमर रॉजर टेलरच्या घरामागच्या बागेत झाली. सगळीकडे बर्फ. झाडं काळी. तोंडातून वाफा निघताहेत. या दोन गाण्यांपाशी मामा नेहमी एकदा थांबायचा आणि म्हणायचा, “थंडीत बोटं चालत नाहीत बघ, तरी वाजवताहेत.” उत्तर समुद्रात हिवाळ्यात डेकवर काम केलेल्या माणसाला त्यात काय दिसत होतं, ते मला तेव्हा कळणं शक्य नव्हतं.

त्याचा खरा जीव होता तो गिटारवाल्या ब्रायन मेवर, आणि त्याहीपेक्षा त्याच्या गिटारवर. ती गिटार ब्रायनने सोळा-सतरा वर्षांचा असताना वडिलांच्या मदतीने घरी बनवली. मानेचं लाकूड शंभर वर्षं जुन्या शेकोटीच्या चौकटीतून काढलेलं. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. कंप द्यायच्या दांडीचं टोक आईच्या विणायच्या सुईचं. हे मामाने बोटीवर कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं आणि ते त्याला तोंडपाठ होतं. भर समुद्रात सुटा भाग मिळत नाही, हाताशी असेल त्यातून घडवावा लागतो. तीच गिटार पुढे पन्नास हजार लोकांसमोर वाजली, हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा. बासवाला जॉन डीकन तर इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. त्याने कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या सर्किटातून एक छोटा अॅम्प्लिफायर बनवला, आणि तो बँडने वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगला वापरला. मामा पडद्यावर डीकन दिसला की बोट दाखवायचा. डीकन बहुधा मागे, शांत उभा असतो. “इंजिनरूमचा माणूस,” मामा म्हणायचा.

आणि मग गायक फ्रेडी मर्क्युरी. त्याच्याबद्दल मला मोठ्यांनी काही सांगावं लागलं नाही.

कॅसेटची मोठी गोष्ट ही की ती काळाच्या क्रमाने लावलेली होती. पहिल्या फिल्ममध्ये केस खांद्यावर, नखांना काळा रंग. मग ठोकळ्या-ठोकळ्यांचा अंगाला चिकटलेला पोशाख. मग बर्फातला काळा चष्मा. ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’मध्ये केस आखूड, अंगावर चामडं, खाली मोटारसायकल. ‘सेव्ह मी’मध्ये तो हात पुढे करतो आणि समोर रेखाटलेलं कबुतर असतं. ‘प्ले द गेम’मध्ये पहिल्यांदा मिशी. १९८० सालच्या त्या मिशीवर अमेरिकेतले काही चाहते इतके नाराज झाले की त्यांनी रंगमंचावर दाढीची पाती फेकली. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही फक्त एका तासात एक माणूस पाच वर्षांनी मोठा होताना पाहायचो. मामाही असाच. तो दर वेळी घरी यायचा तेव्हा थोडा वेगळा असायचा. एकदा दाढी, एकदा कानशिलांवर पांढरं, एकदा गालाला भाजल्याचा डाग. मधला काळ आम्ही पाहिलेलाच नसायचा.

यादीतल्या बाणाची गोष्ट आता सांगते. ‘बायसिकल रेस’ या गाण्यासाठी सप्टेंबर १९७८ मध्ये विम्बल्डनच्या स्टेडियममध्ये पासष्ट मुलींची सायकलींची शर्यत लावली होती, आणि त्या मुलींच्या अंगावर कपडे नव्हते. ब्रिटनमध्येही त्यावरून वादंग झाला. तेव्हा डोंबिवलीत, आजी आणि मामीसमोर, काय होणार? पहिल्याच दिवशी सूर सुरू झाल्याबरोबर मामा उठला. बोटीवर तो चारचौघांत बसून पाहत असेल. घरात त्याने व्हीसीआर थांबवला, पुढे पळवला आणि आकडा बघून परत चालू केला. दुसऱ्या दिवशी यादीत बाण आला. हा नियम इतका पक्का झाला की तो बोटीवर गेल्यावर आम्ही पोरंसोरं एकटी असलो तरी तो आकडा आला की थांबवायचो आणि बाणाच्या टोकापाशी पुन्हा सुरू करायचो. मामीने सांगितलं म्हणून नव्हे. यादी मामाने लिहिली होती म्हणून.

मामा गेला की ती कॅसेट आम्ही जास्त लावायचो. आजीसुद्धा सांगायची, “त्याची ती लाव ग.” गाणी कळत नव्हती तिला. पण ती लागली की तिच्या खोलीत थोडा वेळ मुलगा असायचा.

१९८७ च्या डिसेंबरात शाळेची सहल पाचगणीला गेली. वाईहून पसरणीचा घाट चढून एसटी वर आली, आणि खिडकीतून थंड वारा आत शिरला. उंच सिल्व्हर ओकची झाडं, उतरत्या छपरांचे बंगले, टेबललँडवरचे घोडे. रस्त्याने ब्लेझर घातलेली मुलं दोन-दोनच्या रांगेत चालली होती. मी घोड्यावर बसून मनात ‘समबडी टू लव्ह’ म्हणत होते, कारण त्यातला कोरस उतारावरून खाली येताना छान बसतो. ही मला आठवणारी गोष्ट आहे, नंतर रचलेली नाही. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

२४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी मर्क्युरी गेला. आदल्या दिवशी त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं होतं. पेपरातल्या बातमीत त्याचं मूळ नाव होतं, फारोख बुलसारा. पारशी. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. आणि शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग आजीकडे गेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “म्हणजे आपल्या घाटावर शिकला तो. किती वर्षांचा होता आला तेव्हा?” आठ, मी म्हटलं. “आठ,” ती म्हणाली आणि पदराने चष्मा पुसू लागली.

आठ वर्षांचा मुलगा. वडील झांझिबारमध्ये ब्रिटिशांच्या कचेरीत नोकरीला. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी त्याला समुद्रापार पाठवलं. त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून मुंबईला यायचं म्हणजे दिवसच्या दिवस बोटीचा प्रवास. मग मुंबईहून पुणे, पुण्याहून घाट. सुट्टीतही दर वेळी घरी जाणं शक्य नव्हतं, मग मुंबईत मावशी-आजीकडे. तो टेबलटेनिस छान खेळायचा. पियानो शिकला, चौथ्या श्रेणीपर्यंत परीक्षा दिल्या. आणि शाळेतल्या चार मित्रांबरोबर त्याने एक बँड काढला, ‘द हेक्टिक्स’. इंग्रजी रॉक अँड रोलची त्या वेळची गाणी ही पोरं शाळेच्या समारंभांत वाजवायची. फ्रेडी तेव्हा मध्ये उभा राहून गात नसे. तो बाजूला पियानोवर असायचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो परत गेला, आणि १९६४ मध्ये झांझिबारमधल्या उठावानंतर घर सोडून सगळे इंग्लंडला गेले.

माझ्या मनात येतं ते असं. त्याला माणसाच्या जागी दुसरं काहीतरी पाठवणं म्हणजे काय, ते आठव्या वर्षापासून माहीत होतं. घरी पत्र जायचं, मुलगा जायचा नाही. पुढे बँड जायचा नाही, फिल्म जायची. तरी त्या फिल्ममध्ये तो असा उभा राहतो की पाहणाऱ्याला आपल्याला चुकवलं असं कधी वाटत नाही. तो भिंगाकडे पाहत नाही, भिंगापलीकडे जो कुणी बसला असेल त्याच्याकडे पाहतो. बाकी कितीतरी गायकांच्या त्या वेळच्या फिल्मा मी नंतर पाहिल्या. ते चित्रणाचं काम उरकताहेत, हे लगेच कळतं. फ्रेडी भेटायला आलेला असतो.

शेवटी शेवटी तर हे फार जवळ आलं. १९९१ च्या ऑक्टोबरात, त्याच्या जाण्याआधी काही आठवडे, ‘ग्रेटेस्ट फ्लिक्स टू’ ही दुसरी कॅसेट निघाली, पुढच्या दहा वर्षांच्या फिल्मांची. तिच्यात ‘द शो मस्ट गो ऑन’ आहे. त्या गाण्याच्या वेळी फ्रेडीला कॅमेऱ्यापुढे उभं राहण्याची ताकद उरली नव्हती. म्हणून रूडी डोलेझाल आणि हानेस रॉसाखर या दिग्दर्शकांनी आधीच्या फिल्मांमधले तुकडे जोडून ती केली. बँड येऊ शकत नाही म्हणून फिल्म करण्यापासून सुरुवात झाली होती. आता फिल्मला माणूस येऊ शकत नव्हता, आणि त्याची जागा जुन्या फिल्मांनी भरली. मामाने ही कॅसेट सिंगापूरला घेतली आणि पाठवून दिली. आम्ही ती एकदा पाहिली. तिची यादी कुणी केली नाही.

२००२ मध्ये जुन्या फिल्मा डीव्हीडीवर आल्या, ‘ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स वन’ या नावाने. मी पहिल्याच आठवड्यात मागवली. आवाज असा, की गिटारच्या तारेवर बोट घासल्याचं ऐकू येतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण रुंद पडद्यात बसावं म्हणून बहुतेक फिल्मा वरून-खालून कापलेल्या होत्या. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ तेवढी वाचली. आणि क्रम बदललेला, रेकॉर्डवरच्या गाण्यांप्रमाणे. पहिल्या गाण्यात लांब केस, लगेच दुसऱ्यात १९८० चा डॅलसचा कार्यक्रम, नंतर पुन्हा मागे. माणूस मोठा होताना दिसत नाही, नुसती गाणी एकापुढे एक येतात. ज्यांनी ती काढली त्यांना कॅसेटचा क्रम जपावासा वाटला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. हवं ते गाणं हवं तेव्हा लावता येणं ही सोय खरी. पण आमच्याकडे ‘लव्ह ऑफ माय लाइफ’पर्यंत पोचायला बर्फातून, मेणबत्त्यांतून जावं लागायचं, आणि पोचल्यावर ते गाणं अधिक आपलं वाटायचं.

पहिला व्हीसीआर १९९३ मध्ये बंद पडला. नवा आला तो तास-मिनिटं दाखवणारा, त्यामुळे यादीतले आकडे निकामी झाले. मामीने कागद तरीही डबीतच ठेवला. आजी १९९६ मध्ये गेली. मामा २००५ मध्ये निवृत्त झाला आणि पहिल्यांदा सलग वर्षभर घरी राहिला. मामी २०१६ मध्ये गेली. कॅसेट लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली.

मागच्या वर्षी कपाट आवरताना ती सापडली. डबीच्या खिडकीतून रिळावर पांढरट ठिपके दिसत होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरतेच. एका दुकानदाराने हात लावायलाच नकार दिला. दुसऱ्या एका गृहस्थांनी ती उघडली, रीळ सुटं करून मऊ कापडावरून हळूहळू फिरवलं, नवीन डबीत घातलं आणि पेनड्राइव्हवर उतरवून दिलं. परत देताना म्हणाले, “तुमची टेप सुरुवातीला फार घासलीय. पण मध्ये एक तुकडा आहे, तो अगदी कोरा असल्यासारखा आहे. तिथे कधी हेड लागलंच नाही की काय?”

मी तो पेनड्राइव्ह घेऊन मामाकडे गेले. तो आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, म्हणजे फ्रेडीच्याच वर्षाचा. ऐकायला थोडं कमी येतं. मी टीव्हीला लावलं आणि त्याच्या शेजारी बसले. ते चार चेहरे आले तेव्हा चित्र इतकं झिजलेलं होतं की नाकडोळे पुसट झाले होते, मधून पांढऱ्या ओरखड्यांचा पाऊस. हीच जागा आम्ही सगळ्यांत जास्त वेळा लावली होती. मामा पुढे झुकून बघत राहिला. बर्फातल्या बागेपाशी त्याने आपली बोटं चोळली. डीकन दिसला तेव्हा त्याने बोट दाखवलं.

मग चित्र एकदम स्वच्छ झालं. रंग ताजे, रेघ नाही, ओरखडा नाही. मामाचा हात सोफ्यावरून टीव्हीच्या दिशेने उचलला गेला.

“बाण आला,” तो म्हणाला.

मी रिमोट हातात घेतला. त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग आजी जिथे बसायची त्या भिंतीकडे. हात खाली घेतला.

“असू दे आज,” तो म्हणाला.

गाणं पुढे गेलं. मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि नुसत्या सायकलींच्या घंट्या वाजतात, कितीतरी, एकदम. त्या घरात त्या पहिल्यांदाच वाजत होत्या.